शिकागोची जुनी उधारी

शिकागो महापालिकेचे चार पेन्शन फंड आहेत. एक पोलिसांचा, एक अग्निशामक दलाचा, एक मजुरांचा आणि एक बाकीच्या नोकरवर्गाचा. (शिक्षकांचा फंड वेगळा, त्याचे दुखणेही वेगळे.) चौघांचा एकत्र हिशेब मांडला, तर द्यायच्या दर शंभर डॉलरमागे हाताशी पंचवीसच्या आसपास आहेत आणि तूट 35 अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. तरीही निवृत्तांना दरमहा पैसे मिळतात, म्हणून तर हा प्रश्न इतकी वर्षे पुढे ढकलता आला.

पेन्शन भरमसाट आहेत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. महापालिकेच्या साध्या नोकरवर्गात 2011 पूर्वी लागलेल्यांची पेन्शन दरवर्षी तीन टक्क्यांनी, तीही चक्रवाढीने वाढते. साठाव्या वर्षी महिना 4,000 डॉलर घेऊन निवृत्त झालेल्याला चौऱ्याऐंशीव्या वर्षी 8,000 मिळतात, मग मधल्या काळात महागाई एक टक्का असो की दोन. खासगी नोकरीतल्या करदात्याला अशी हमी कोणी देत नाही. पण याच कर्मचाऱ्यांना या नोकरीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे फेडरल सरकारची पेन्शन, नाही. म्हातारपणाचा आधार म्हणजे हीच पेन्शन. शिवाय तिच्यासाठी त्यांच्या पगारातून साडेआठ ते नऊ टक्क्यांच्या घरात वर्गणी कापली जाते, आणि ही कपात कधी थांबलेली नाही.

हात आखडला तो मालकाने, आणि तोही कायद्याला धरून. इलिनॉय राज्याने शहराचा वाटा ठरवताना फंडाला किती पैसा लागेल हे पाहिलेच नाही. कर्मचाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी जितकी वर्गणी भरली असेल, तिची ठरावीक पट शहराने भरायची, एवढाच नियम होता. नोकरवर्गासाठी 1.25 पट, मजुरांसाठी एक पट, पोलिसांसाठी दुप्पट, अग्निशामकांसाठी 2.26 पट. यात गंमत अशी की नोकरभरती थांबली की कर्मचाऱ्यांची वर्गणी घटे आणि तिच्याबरोबर शहराचा वाटाही घटे. निवृत्तांची संख्या मात्र वाढतच राहिली. 2008 मध्ये शेअर बाजार कोसळला, फंडांची गुंतवणूक आटली, तरी या सूत्राने शहराकडे एक डॉलर जास्त मागितला नाही. अ‍ॅक्च्युअरी म्हणजे पेन्शनचे गणित मांडणारे तज्ज्ञ दरवर्षी खरा आकडा लिहून देत होते. तो अहवालात राही आणि बजेट सूत्राप्रमाणे होई. वाचलेल्या पैशात रस्ते झाले, कचरा उचलला गेला, मालमत्ता कर कमी ठेवता आला. म्हणजे शहराने आपल्या कर्मचाऱ्यांकडूनच कर्ज काढले होते, फक्त कर्ज हा शब्द कोणी वापरला नाही.

निदान तिथे तूट मोजता तरी येते. जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना मिळणाऱ्या या जुन्या पेन्शनमागे फंडच नाही. ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते. शंभरातले किती हाताशी, हा प्रश्न आपल्याकडे विचारताच येत नाही.

मग पेन्शन कमी करावी का? शिकागोत ती वाट बंद आहे. इलिनॉयच्या 1970 च्या संविधानाने पेन्शनचे लाभ कमी करायला मनाई केली आहे. नोकरवर्ग आणि मजूर यांच्या लाभांना कात्री लावणारा 2014 चा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये रद्द ठरवला. शेजारच्या मिशिगनचे संविधानही असेच संरक्षण देते, पण डेट्रॉइटने 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि फेडरल न्यायालयापुढे ते संरक्षण टिकले नाही. सामान्य निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली, वार्षिक वाढही गेली. कायद्यातल्या हमीइतकीच तिजोरीतल्या पैशाचीही काळजी करावी, हे शिकागोतल्या संघटनांनी डेट्रॉइटकडे पाहून ओळखायला हवे.

उरतो कर. महापौर राहम इमॅन्युएल यांनी 2015 मध्ये मालमत्ता करात अर्ध्या अब्ज डॉलरहून मोठी वाढ मंजूर करून घेतली. मुख्यतः पोलीस आणि अग्निशामकांच्या फंडांसाठी. पुढे कॅसिनोचे उत्पन्नही याच दोन फंडांना जोडले गेले. 2015 च्या करवाढीआधी अर्ध्या अब्जाच्या आसपास असलेला शहराचा वार्षिक भरणा आता अडीच अब्जांच्या पुढे आहे. लोरी लाइटफूट यांच्या काळात कायद्याने सांगितल्यापेक्षा जास्त रक्कम भरायला सुरुवात झाली, हे मला सगळ्यांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पण करदात्याचीही बाजू आहे. जुन्या स्वस्त कराचा फायदा घेतलेले कितीतरी लोक केव्हाच उपनगरांत गेले. बिल येते ते आज शहरात राहणाऱ्याला. नोव्हेंबर 2024 मध्ये महापौर ब्रँडन जॉन्सन यांचा 30 कोटी डॉलरच्या मालमत्ता करवाढीचा प्रस्ताव नगरसेवकांनी 50 विरुद्ध 0 मतांनी फेटाळला, तो काही उगाच नाही.

आणि अशा वेळी ऑगस्ट 2025 मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर यांनी पोलीस आणि अग्निशामकांच्या ‘टियर टू’चे, म्हणजे 2011 पासून लागलेल्यांचे, लाभ वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. या दोन फंडांतले शंभरातले पंचवीस या कायद्याने अठराच्या आसपास आणले. वर्तमानपत्रांनी याला उधळपट्टी म्हटले. मला ते अर्धेच पटते. टियर टूचे लाभ खरोखर अपुरे आहेत. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा सुरुवातीला 1,06,800 डॉलर होती. त्या वेळी सोशल सिक्युरिटीचीही तेवढीच होती. सोशल सिक्युरिटीची मर्यादा 2025 मध्ये 1,76,100 झाली, टियर टूची खूप मागे राहिली. सोशल सिक्युरिटीबाहेरच्या नोकराला निदान तिच्या तोडीची पेन्शन मिळावी, हा फेडरल नियम आहे. तो मोडला तर शहराला वेगळा भुर्दंड बसू शकतो. इलिनॉयच्या इतर गावांतल्या पोलिसांना हीच सुधारणा 2019 मध्ये मिळाली होती. एव्हन्स्टनच्या पोलिसाला एक आणि हद्दीपलीकडच्या शिकागोच्या पोलिसाला दुसरे, याचे समर्थन करणे अवघडच होते.

मला खटकते ते एवढेच की लाभ स्प्रिंगफिल्डने, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने, दिला आणि बिल शिकागोकडे पाठवले. वर्गणीच्या पटीचे ते जुने सूत्रही त्याच विधिमंडळाचे होते. पुढची मागणी नोकरवर्गाच्या टियर टूची असेल आणि तीही न्याय्य असेल. ती मान्य करताना वाढीव भरण्याचा ठरावीक हिस्सा राज्याने आपल्या आयकरातून उचलावा, आणि ते कलम त्याच विधेयकात असावे. नसेल, तर शहराने त्या विधेयकाला उघड विरोध करावा, संघटना कितीही रागावल्या तरी.