मेळघाटातलं नेट नेमकं कुठे अडतं?

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात रेशन दुकानात, बँकेत किंवा सेतू केंद्रात काम अडलं की तीनपैकी एक उत्तर मिळतं. रेंज नाही, लिंक नाही, नाहीतर सर्व्हर डाऊन आहे. ऐकणाऱ्याच्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच, उद्या या. पण रेंज ही टॉवरवाल्या कंपनीची बाब आहे, लिंक ही धारणीहून अमरावतीकडे आणि पुढे जाणाऱ्या लाइनची, आणि सर्व्हर तर दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये, बहुतेक वेळा सरकारच्याच कह्यात असतो. दोष कोणाचा हे काउंटरवर बसलेल्या माणसाला कळायला काहीच साधन नसतं, म्हणून तो अंदाजाने बोलतो. मेळघाटातल्या इंटरनेटबद्दलची आपली बरीचशी चर्चाही अशीच अंदाजाने चालते आणि दरवेळी त्याच मागणीवर येऊन थांबते, की आणखी टॉवर द्या, आणखी फायबर टाका. माझं म्हणणं असं की वेग विकत घेण्याआधी तो कुठे गळतो हे टप्प्याटप्प्याने मोजायला हवं, आणि सरकारच्या स्वतःच्या दारातला फायरवॉल त्या मोजणीतून सुटता कामा नये.

मोजल्याशिवाय भांडलं की काय होतं ते हरिसालने दाखवलं. परतवाडा-धारणी रस्त्यावरचं हे गाव 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून तिथे टीव्ही प्रसारणाच्या मोकळ्या लहरींवरून, म्हणजे टीव्ही व्हाइट स्पेसवरून, इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग झाला. तंत्राची निवड चुकीची नव्हती. या लहरींची वारंवारता कमी असल्यामुळे त्या झाडीतून आणि डोंगरउतारावरून वायफायच्या मानाने बऱ्याच दूर जातात. पुढे 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाचे व्हिडिओ सभेत दाखवून त्या दाव्यावर हल्ला चढवला, सत्ताधाऱ्यांनी प्रतिवाद केला, आणि हरिसाल हे नाव महाराष्ट्रभर पोचलं. वाद मात्र ‘नेट आहे’ आणि ‘नेट नाही’ यांच्यातच फिरत राहिला. लहर कमी पडते, गावातला राउटर विजेअभावी बंद असतो, की पुढची लाइनच भरून गेलेली असते, हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवणारा नव्हता. खरं तर ‘आहे’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा, दोघेही एकाच दिवशी खरं बोलत असू शकतात, कारण सकाळी सातला चालणारं नेट अकराला बसू शकतं.

धारणीतल्या रोजच्या सरकारी कामाला वेग लागतो तरी किती? रेशनच्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला की जाणारी माहिती फार तर काही किलोबाइटची असते. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली, त्यात मजुरांचे दिवसाला दोन फोटो जातात. अंगणवाडीतला पोषण ट्रॅकर बहुतांशी नावं, वजनं आणि उंची पाठवतो. ब्रॉडबँड म्हणवून घेण्याची किमान मर्यादा केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली, आणि भारतनेटचं उद्दिष्ट तर ग्रामपंचायतीला 100 एमबीपीएस देण्याचं आहे. वरच्या कुठल्याही कामाला त्यातले 2 मिळाले तरी पुरेत. मग अंगठा का येत नाही? अंतर हे कारण म्हणता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा धारणी ते मुंबई ही लाइन वळसे घेत हजार किलोमीटरची धरली तरी जाऊन येऊन 10 मिलिसेकंद लागतात. खरा घोळ पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेत हरवण्यात आणि रांगेत थांबण्यात आहे. नेटवर्क संशोधक मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये गळतीमुळे वेग किती पडतो याचं एक सूत्र मांडलं. त्याप्रमाणे, जाऊन येऊन 50 मिलिसेकंद लागत असतील आणि शंभरात एक पॅकेट हरवत असेल, तर जुन्या धाटणीच्या टीसीपीची, म्हणजे हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवणाऱ्या नेहमीच्या पद्धतीची, एक जोडणी जेमतेम 3 एमबीपीएसवर अडकते. पाच पॅकेटं हरवली तर सव्वावर येते. लाइन 100 ची असो की 1000 ची, गळती तेवढीच राहिली तर हा आकडा जागचा हलत नाही.

गळती आणि खोळंबा वाटेत कुठेही होऊ शकतो, पण सगळ्यांत कमी लक्ष जातं ते डेटा सेंटरच्या तोंडाशी असलेल्या फायरवॉलकडे. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट तपासणारं हे दार पूर्वी एक स्वतंत्र पेटी असे. आता अनेक ठिकाणी ते एका मोठ्या सर्व्हरवर इतर आभासी यंत्रांच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेल्या संगणकांच्या, जोडीने चालणारं आणखी एक आभासी यंत्र असतं. हे स्वस्त पडतं आणि बिघडलं तर दुसऱ्या सर्व्हरवर चटकन उभं करता येतं. पण याचे आजार निराळे आहेत. पीपीपीओईसारख्या, म्हणजे लॉगिन करून उघडणाऱ्या, जोडणीचं काम काही फायरवॉलमध्ये प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. रस्ता चौपदरी केला आणि वनविभागाच्या नाक्यावर गाड्यांचे नंबर लिहायला माणूस एकच ठेवला, तर रांग कमी होत नाही. गंमत अशी की चारपैकी एक कोअर पूर्ण भरला आणि तीन मोकळे राहिले, की देखरेखीच्या पडद्यावर सरासरी 25 टक्के दिसते आणि सगळं हिरवं असतं. तालुक्याच्या सरासरीत एखाद्या गावाचे हाल दिसत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. शेजारच्या आभासी यंत्रांनी प्रोसेसरचा वेळ खाल्ला तरी फायरवॉल मंदावतो. नेटवर्क कार्ड खऱ्या कार्डाची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल असेल, तर प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरला जास्तीची मेहनत पडते. आणि एखादा दोष तर सेटिंगमधल्या एका टिकमार्कमध्ये दडलेला असतो. पीएफसेन्स हा बराच वापरात असलेला फायरवॉल व्हर्टआयओ प्रकारच्या आभासी कार्डावर चालवायचा असेल, तर पॅकेटच्या पडताळणीचं काम कार्डावर ढकलण्याची सोय बंद ठेवा, असं त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ती चालू राहिली तर फायरवॉलला पिंग केल्यावर, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पॅकेट पाठवल्यावर, उत्तर ताबडतोब येतं, मात्र त्याच्यातून पलीकडे जाणारी वाहतूक रखडते किंवा थांबतेच. तपासणारा पिंग करून ‘सगळं ठीक’ असा शेरा मारून जातो.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. तालुक्यातल्या कित्येक गावांत मोबाइलच लागत नाही आणि तुम्ही डेटा सेंटरच्या दाराची चर्चा करता? ज्या गावात रेंजच नाही तिथे मोजायला काही नाही, तिथे टॉवरच हवा, यात वाद नाही. केंद्राने जुलै 2022 मध्ये 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली ती देशातल्या अशाच 24,680 गावांसाठी. व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात टॉवर उभारायला आणि केबल पुरायला लागणाऱ्या परवानग्यांचं दुखणं वेगळं, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण धारणीतलं तहसील कार्यालय, उपजिल्हा रुग्णालय, बँका आणि पंचायत समिती यांच्यापर्यंत लाइन आलेली आहे, तरी काम अडतं. शिवाय उद्या सगळीकडे टॉवर झाले की त्या सगळ्यांची वाहतूक अखेर त्याच दारावर जाऊन थडकणार. दार आहे तसंच ठेवून रस्ते वाढवले, तर अडचण गावातून उठून डेटा सेंटरपाशी जाईल. रांगेत उभ्या असलेल्या कोरकू आदिवासी बाईला त्याने काय फरक पडणार?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कितीतरी दिवस कागदावर कारभार करावा लागला. अशा वेळी फायरवॉल सैल करा असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. तपासणी सैल करणं वेगळं आणि तपासणारं यंत्र नीट चालतं का हे पाहणं वेगळं. उलट मंद फायरवॉलच सुरक्षेला घातक ठरतो, कारण वैतागलेला कर्मचारी कार्यालयाची लाइन सोडून स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सरकारी काम उरकतो, आणि तिथे ती तपासणी उरतच नाही.

तिसरा प्रश्न, हे मोजणार कोण? साधनं फुकट आहेत. पिंग 1983 पासून आहे, आणि दोन टोकांमधला खरा वेग मोजणारं आयपर्फ कुणीही उतरवून घेऊ शकतं. माणसं अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आहेत. अडचण नियमांची आहे. दूरसंचार नियामक ट्रायने 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले, त्यात विलंबाची आणि पॅकेट गळतीची मर्यादा ठरवून दिली. पण ते नियम दूरसंचार कंपन्यांना लागू आहेत, सरकारी डेटा सेंटरच्या फायरवॉलला नाहीत. ट्रायचं मायस्पीड ॲपही फोनपासून चाचणीच्या सर्व्हरपर्यंतचा वेग सांगतं, रेशनच्या सर्व्हरपर्यंतचा नव्हे. म्हणून राज्य सरकारने हा उरलेला टप्पा स्वतःहून नियमांखाली आणावा. एकाच सर्व्हरवरच्या दोन यंत्रांमध्ये फायरवॉल न ओलांडता, मग फायरवॉल ओलांडून, मग अमरावतीहून आणि शेवटी धारणीहून, असे वेग, विलंब आणि गळतीचे आकडे दर महिन्याला घ्यावेत आणि तहसीलच्या फलकावर लावावेत. मोजणी रेशन वाटपाच्या दिवशी सकाळी अकराला आणि त्याच रात्री दोनला व्हावी. रात्री दोनलाही आकडा पडलेला असेल, तर संशय लाइनवर किंवा चुकीच्या सेटिंगवर जाईल. फक्त अकरालाच पडत असेल तर ती गर्दी आहे, आणि ती धारणीच्या टॉवरवर होते की डेटा सेंटरच्या दारात, हे आकडा कुठल्या टप्प्यावर कोसळतो त्यावरून कळेल. बँडविड्थ वाढवण्याची पुढची निविदा हे आकडे जोडल्याशिवाय निघू नये.