सरासरीइतका पाऊस आणि भरलेले वॉर्ड

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच आकडा ठळक छापला जातो : यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के. बाजार त्यावर खूश किंवा नाराज होतो, बी-बियाण्यांचे दुकानदार मालाचा अंदाज बांधतात. सरकारी रुग्णालयांत 'पाऊस सरासरीइतका आहे ना, मग ठीक' असे म्हणत मान्सूनपूर्व तयारीचा गेल्या वर्षीचाच कागद नवी तारीख घालून फिरतो. मेडिसिन विभागात अनेक पावसाळे काढलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र हा आकडा फारसा उपयोगी पडत नाही.

देशाची सरासरी म्हणजे काय, हे आधी पाहू. १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून जून ते सप्टेंबर या काळातला देशाचा सरासरी पाऊस ८८०.६ मिलिमीटर धरला जात असे. एप्रिल २०२२ मध्ये खात्याने १९७१ ते २०२० च्या नोंदींवरून तो ८६८.६ मिलिमीटर असा सुधारला. वर्षभराचा पाऊस ११७६.९ वरून ११६०.१ मिलिमीटरवर आला. घट जेमतेम दीड टक्क्याची. खात्याच्या म्हणण्यानुसार पावसाची कोरडी आणि ओली पर्वे आलटून पालटून येत असतात. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके कोरडी होती, पुढची चाळीस-पन्नास वर्षे ओली, आणि सत्तरच्या दशकापासून पुन्हा कोरडे पर्व सुरू झाले. (पहिल्या कोरड्या पर्वातच १९१८ साल येते. त्या वर्षी मोठा दुष्काळ आणि इन्फ्लुएन्झाची साथ एकदमच आली. उपाशी माणसाला ताप किती लवकर नेतो, हे तेव्हा या देशाने पाहिले.) तेव्हा वार्षिक बेरजेपुरते बोलायचे तर घाबरून जावे असे फार काही नाही.

खरा बदल या बेरजेच्या आत झाला आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातील पावसाचा अभ्यास मांडला. मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या होत्या, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन सरासरी जवळपास तशीच राहिली होती. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. यामागचे भौतिकशास्त्र कळायला सोपे आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतो आहे. ते बाष्प साठत राहते आणि मग दोन-चार दिवसांत रिते होते. मधले दिवस कोरडे जातात.

मधुमेहाच्या रुग्णांना हे लगेच कळेल. एचबीएवनसी ही चाचणी तीन महिन्यांच्या साखरेची साधारण सरासरी सांगते. एखाद्याची साखर सकाळी साठवर आणि रात्री तीनशेवर जात असेल, तरी त्याचा हा अहवाल बरा दिसू शकतो. असा रुग्ण चक्कर येऊन पडतो तेव्हा त्याच्या खिशात 'चांगला' रिपोर्ट असतो. देशाच्या पावसाचा रिपोर्ट सध्या तसाच आहे. शिवाय देश म्हणजे एक शरीर नव्हे. १९८९ ते २०१८ या तीस वर्षांत उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मोसमी पाऊस लक्षणीय घटला, तर सौराष्ट्र आणि कच्छसारख्या एके काळच्या कोरड्या भागात जोरदार पावसाचे दिवस वाढले. बेरीज करताना हे एकमेकांना पुसून टाकतात.

एका शहरातसुद्धा सरासरी फसवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नाही. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या लघवीतला हा जंतू साचलेल्या पाण्यातून पायावरच्या खरचटीवाटे शरीरात शिरतो. लक्षणे साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात : ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे, काहींना कावीळ, आणि लघवी कमी होत जाणे. तोवर ऊन पडलेले असते, बातम्या दुसऱ्या विषयाकडे वळलेल्या असतात, आणि रुग्ण 'अंग मोडून आले आहे' म्हणत दुकानातली गोळी घेत असतो. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटले, तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देता येते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ते चालत नाही, म्हणून आपले आपण घेऊ नये.

कोरड्या खंडाचे आजार याहून छुपे असतात. डेंग्यू पावसाचा आजार समजला जातो, पण त्याच्या डासाला नुसते साठवलेले स्वच्छ पाणी पुरते. त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी भरले की आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आम्ही 'कोरडा दिवस पाळा' असे फलक लावतो. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरातल्या बाईने तो फलक वाचून भरलेले पिंप ओतून द्यावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिला तोंडाला घट्ट बांधायचे फडके आणि टाकीसाठी गप्पी मासे पुरवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. पाणी बंद असताना जलवाहिनीत दाब राहत नाही आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते. मग पहिल्याच पुरवठ्याबरोबर जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या काळात बोअरवेल किती खोल गेल्या, ते कोणी पाहत नाही. खोल खडकातल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असते, आणि त्याने डागाळलेले दात व वाकलेली हाडे पुढे पाऊस कितीही चांगला झाला तरी पूर्ववत होत नाहीत.

वेळापत्रकही सरकले आहे. खात्याने २०२० मध्ये तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. आमच्याकडे मात्र पावसाळी साथींसाठीचे जादा मनुष्यबळ आणि औषधसाठा बहुधा जून ते सप्टेंबर एवढाच गृहीत धरलेला असतो. ऑक्टोबरमध्ये डेंग्यूचे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपतात आणि तेव्हाच कंत्राटी परिचारिकांची मुदत संपते. यात निसर्गाचा दोष कमी आणि कागदाचा जास्त आहे.

हे दुरुस्त करायला नवे उपग्रह लागणार नाहीत. पिकांच्या नुकसानीसाठी महसूल खाते चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरते, आणि त्याची नोंद मंडळनिहाय ठेवते. तीच नोंद रोज तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी. ज्या मंडळात हा आकडा ओलांडला, तिथे तीन दिवसांत प्रतिबंधक औषध पोचावे आणि पुढचे दोन आठवडे तापाच्या प्रत्येक रुग्णाला 'पाण्यातून चालला होतात का' हा प्रश्न विचारला जावा. जिथे पंधरा दिवस पावसाने ओढ दिली, तिथे पाण्याचे नमुने आणि पिंपांतल्या अळ्या तपासायला माणूस जावा. जादा कर्मचाऱ्यांची मुदत निदान ऑक्टोबरअखेरपर्यंत असावी. पंचनाम्यासाठी जो आकडा तलाठ्याच्या टेबलावर सकाळी पोचू शकतो, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचायला हरकत कोणाची आहे, हे संबंधितांनी पुढच्या एप्रिलच्या आत सांगावे.