नेपाळची सहल आजीला झेपेल अशी आखा

लुंबिनी एकदा तरी बघावी, असे आपल्या वस्तीतल्या घराघरात वाटते. भिशी लावून, महिला मंडळात पैसे साठवून लोक नेपाळला जातात. जावेच. पण सहल ठरवताना किती ठिकाणे, किती दिवस, किती पैसे एवढेच विचारले जाते. सोबतच्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपेल का, हे कोणी विचारत नाही. आम्ही वस्तीत बीपी-शुगर तपासणीचे काम करतो. आमचे मत स्पष्ट आहे : गटातल्या सर्वांत अशक्त माणसाला झेपेल तीच सहल खरी.

नेपाळ म्हटले की बर्फाचे डोंगर डोळ्यांपुढे येतात. पण लुंबिनी तराईच्या सपाट भागात, सोनौली सीमेपासून जवळ आहे. अशोकस्तंभ, मायादेवी मंदिर, तिलौराकोटचे अवशेष बघायला डोंगर चढावा लागत नाही. तिथला धोका उन्हाचा. बुद्धपौर्णिमेला जायची सगळ्यांना हौस, पण वैशाखात तिथे आपल्या विदर्भासारखे तापते. बीपी-शुगरच्या माणसाने तेव्हा जाऊ नये. पावसाळ्यात काठमांडूच्या वाटेवर दरडी कोसळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च हे महिने चांगले.

काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीचा सहसा त्रास होत नाही. बौद्धनाथ स्तूप सपाट जागेवर आहे. स्वयंभूला मात्र पूर्वेकडून तीनशेहून जास्त खड्या पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी मागच्या बाजूने गाडीने जावे, तिकडे पायऱ्या कमी आहेत. माकडांना खाऊ दाखवू नये. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

खरा प्रश्न मुक्तिनाथचा आहे. बर्फ दिसावा म्हणून सहलवाले ते नाव यादीत घालतात. पोखरा हजार मीटरच्याही खाली, मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. जीपने एका दिवसात एवढे वर नेणे शरीरावर अन्याय आहे. २,५०० मीटरच्या वर हवा विरळ होते. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. त्रास सुरू झाला की आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली आणावे. झोपेची गोळी देऊ नये. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर हे ठिकाण गाळावे. ज्यांना जायचेच आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि वाटेत जोमसोमला मुक्काम करावा.

आता आपल्या बायांविषयी. बस थांबत नाही म्हणून बाया पाणी पीत नाहीत, लघवी होते म्हणून बीपीची गोळी टाळतात. हे आम्ही प्रत्येक सहलीनंतर ऐकतो. मग लघवीला जळजळ, चक्कर, सुजलेले पाय. दर तीन तासांनी संडासाची सोय असेल तिथे बस थांबेल, हे पैसे भरण्याआधीच कबूल करून घ्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या आणि चिठ्ठीसह घ्या. इन्सुलिन बसच्या डिकीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. आयुष्मान कार्ड नेपाळात चालत नाही, म्हणून गटाने दवाखान्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढावेत. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र हवे. नुसत्या आधारवर विसंबू नका.

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर खचलेले होते. महिनाभरातच, ६ डिसेंबरला, ते गेले. समाजाच्या कामासाठी त्यांनी देह झिजवला. आपण तर सहलीला निघालो आहोत. दोन ठिकाणे कमी बघा, एक दिवस विसावा ठेवा. लुंबिनीला गेलेली आजी हसत घरी यायला हवी.