ती बाई नव्हतीच!

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद करायला सांगितलं. नातीने फोनवर पॉडकास्ट लावून दिले. त्यातला एक परसबागेवरचा होता. बोलणारी बाई मोठी गोड. "माझी आजी जास्वंदीला चहाचा चोथा घालायची," असं अगदी घरच्यासारखं सांगायची. रोज दुपारी मी तिची वाट पाहायला लागले. एक दिवस नातीला समोर बसवून तिच्यासाठी पत्र सांगितलं. माझ्या आईच्या परसातल्या अबोलीबद्दल, आजवर कुणाला न सांगितलेलं.

पाठवण्याआधी नातीने खालचा बारीक मजकूर वाचला आणि म्हणाली, "आजी, ही बाई नाहीये. मजकूर, आवाज, सगळं एआयचं आहे."

म्हणजे आजी नाही, जास्वंद नाही आणि चोथाही नाही!

मग मी जरा चौकशी केली. २०२२ मध्येच प्ले.एचटी या कंपनीने जो रोगन स्टीव्ह जॉब्जची मुलाखत घेतोय असा एक भाग यंत्राकडून बनवून घेतला होता. जॉब्ज तर २०११ मध्येच गेले! २०२४ मध्ये गुगलच्या नोटबुकएलएमने आपण दिलेल्या मजकुरावर दोन आवाजांच्या गप्पा तयार करून द्यायची सोय आणली. २०२५ मध्ये इन्सेप्शन पॉइंट एआय या अमेरिकन कंपनीने सांगितलं की ते आठवड्याला सुमारे ३००० भाग काढतात. एका भागाला खर्च एक डॉलर किंवा त्याहून कमी. वीसेक जणांनी ऐकला तरी जाहिरातींतून पैसे सुटतात.

हा वीसचा आकडा काही डोक्यातून जात नाही. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने जांभई दिली तरी मला धडा तिथेच थांबवून दुसरं उदाहरण शोधावं लागे. इथे तीन हजारांतला एखादा फसला तर कुणाचं काय बिघडतं?

गैरसमज नको. यंत्राने वाचून दाखवायला माझी मुळीच हरकत नाही. डोळ्यांवर पट्टी असताना मला त्याचाच आधार होता. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तर हे वरदानच आहे. माझी हरकत त्या आजीला आहे. खतपाणी खुशाल सांगा, पण नसलेली आजी कशाला उभी करता? आपण माहितीसाठी ऐकतो हे खरं, पण विश्वास ठेवतो तो त्या आजीमुळे.

आणि 'हे एआयने केलंय' हे लिहायचं कुठे, तर खाली, बारीक अक्षरांत! जो ऐकतोय तो ते वाचणार कसं? आवाजाचा माल आहे, तर सुरुवातीलाच आवाजात सांगा. आकाशवाणीवर निवेदक स्वतःचं नाव सांगत असत, तसं. मग ऐकायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

असो. ते पत्र वाया घालवलं नाही. नातीकडून धाकट्या बहिणीला पाठवलं. तासाभरात तिचा फोन. "ताई, अबोली कुठली? कोरांटी होती ती!" अर्धा तास भांडलो. अजूनही मला ती अबोलीच वाटते.