जाहीर इशारा : एकतर्फी हुकूमनामे मिरवणाऱ्या सावकारांना

परवाना नसताना व्याजाचा धंदा करणारे, कोऱ्या स्टँपवर आणि कोऱ्या धनादेशांवर सह्या घेऊन ठेवणारे, आणि कर्जदाराला सुगावा लागू न देता कोर्टातून एकतर्फी हुकूमनामा काढून आणणारे, अशा सर्वांना हा इशारा आहे. नावे इथे घेत नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील.

तुमची रीत आता आम्हाला पाठ झाली आहे. दाव्यात पत्ता घालायचा तो कर्जदाराने कधीच सोडलेल्या घराचा. समन्स परत येते ते ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन. प्रतिवादी गैरहजर, हुकूमनामा तुमच्या पदरात. कर्जदाराला पहिली खबर लागते ती बेलीफ जप्तीला दारात आल्यावर. मग चावडीवर बसून तुम्ही सांगता, ‘कोर्टाचा निकाल आहे, ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही.’

फिरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ९, नियम १३ त्यासाठीच आहे. समन्स रीतसर बजावले नव्हते अशी कोर्टाची खात्री पटली, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो आणि दावा पुन्हा चालतो. तो चालू झाला की पहिला प्रश्न तुम्हालाच येईल : पैसे दिले त्या दिवशी परवाना होता का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १३ प्रमाणे, सावकाराकडे तेव्हा वैध परवाना नसेल तर कोर्टाला त्याच्या बाजूने हुकूमनामा देता येत नाही. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेही लक्षात असू द्या.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्या उठावामागेही असेच हुकूमनामे होते. कुणबी कोर्टात पोचायच्या आत निकाल लागलेला असे. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि खताच्या मागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. आम्ही एकही कागद जाळणार नाही. उलट तुमचा प्रत्येक कागद कोर्टासमोर मांडू.

आजपासून १५ दिवसांत पुढील गोष्टी करा :

१. खोट्या पत्त्यावर मिळवलेल्या हुकूमनाम्यांच्या दरखास्ती मागे घ्या.
२. कोरे स्टँप, कोरे धनादेश आणि तारण म्हणून ठेवलेली कागदपत्रे ज्याची त्याला परत करा.
३. दिलेले मुद्दल, घेतलेले व्याज आणि शिल्लक यांचा लेखी हिशेब द्या.
४. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन मूळ मालकाच्या नावे करा.

सोळाव्या दिवशी तीन ठिकाणी कागद दाखल होतील. हुकूमनामा रद्द करण्याचा आणि जप्तीला स्थगितीचा अर्ज कोर्टात, जमिनीचा अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, आणि विनापरवाना सावकारीची फिर्याद पोलिसांत. त्यानंतर तडजोडीसाठी कुणाच्या वाड्यावर आम्ही येणार नाही.

कर्जदारांनाही बजावतो. हा इशारा मुद्दल बुडवण्याची मुभा नव्हे; घेतले ते हिशेबाने फेडायचेच आहे. पण जप्तीची नोटीस उशाखाली ठेवून झोपू नका. हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची आहे. समन्स बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून ती मोजली जाते. नुसते अपील केल्याने जप्ती थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती देताना कोर्ट रक्कम भरायला किंवा जामीन द्यायलाही सांगू शकते. ‘मिटवून टाकू’ म्हणत सावकार महिना घालवील आणि मुदत टळेल. बेलीफाशी हुज्जत घालू नका, अंगावर जाऊ नका. हुकूमनाम्याची नक्कल काढा, समन्सवरचा शेरा वाचा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

सावकारांनो, परवाना असेल तर तो घेऊन कोर्टात या. नसेल तर तुमच्या हातात १५ दिवस आहेत.