ऐकणारा आपला माणूस

जामनेर परिसरातून एम. ए.च्या वर्गात येणारा विद्यार्थी पहिले काही महिने बहुधा मौन पाळतो. हे मौन आपण अध्यापक अभ्यासाचा अभाव मानतो. वस्तुतः तो संकोच असतो. घरची तावडी बोली आणि वर्गातील प्रमाण मराठी यांतील अंतर त्याला एकट्यानेच कापावे लागते. बहिणाबाईंची बोलीतील कविता आपण गौरवाने शिकवतो, २०१८ पासून आपल्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. मात्र तिच्याच जवळची बोली विद्यार्थ्याच्या तोंडी आली की वर्ग हसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा नवागतांसाठीचा उपक्रम सुचविला. तथापि हा संकोच केवळ अध्यापक दूर करू शकणार नाहीत. त्यासाठी त्याच वाटेने आलेला, एक वर्ष पुढचा विद्यार्थीच हवा. विभागांनी प्रवेशाच्या वेळीच अशा जोड्या लावाव्यात. दोघांनी आठवड्यातून एकदा ग्रंथालयात बसावे. शंका बोलीत विचारावी, उत्तर प्रमाणभाषेत लिहावे.

बहिणाबाई निरक्षर होत्या. घरच्या माणसांनी ऐकून लिहून घेतली, म्हणून त्यांची गाणी उरली. आपल्या वर्गांतून ऐकणाऱ्यावाचून किती शब्द विरून जात असतील, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?