कोरी खतावणी

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरावर, दरवर्षी जानेवारीच्या आरंभी ठाकूरदेवाची यात्रा भरते. परिसरातील माडिया गोंड गावांचे ते श्रद्धास्थान. पूजा होते, ढोल वाजतात, रेला नाचला जातो, आणि ग्रामसभांची माणसे एकत्र बसून आपल्या जंगलाविषयी बोलतात. याच डोंगराच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ साली खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे सुमारे ८० वाहने जाळली. शहरी वाचकाला सूरजागड हे नाव ठाऊक असते ते बहुधा या बातम्यांमुळेच. येथे मात्र विषय खनिजाचा नसून बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डाचा आहे.

माडिया ही मुख्यतः बोलण्यातली भाषा आहे. लिहायची वेळ आली की बहुधा देवनागरीचा आधार घेतला जातो, पण लग्नातली गाणी, देवाच्या कथा, गावाची शीव कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, हे सारे वृद्धांच्या स्मरणात असते. या स्मरणाला कायद्यानेही किंमत दिली आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील २००८ च्या नियमांत, दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांच्या यादीत, दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे ऐंशीच्या घरातील एखाद्या आजोबांनी ‘आमचे आजे येथे मोह वेचत’ असे सांगितले आणि ते कागदावर आले, तर तो पुरावा होय. कागदावर येण्याआधी ते बोल कोठे तरी टिकले पाहिजेत. आज ते टिकतात मोबाइलमध्ये, आणि मोबाइल भरला की मेमरी कार्डावर.

जैन कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपले आगमज्ञानही प्रथम कंठस्थच होते. धरसेनाचार्यांनी स्मृती क्षीण होत चालल्याचे जाणून पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना गिरनार येथे ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला, ही परंपरा श्रुतपंचमीला आपण स्मरतो. श्वेतांबर परंपरेत वलभीची वाचना आणि देवर्द्धिगणी क्षमाश्रमण यांचे कार्य याच जातीचे. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांतला धवला ग्रंथ शतकानुशतके तेथेच राहिला. त्याच्या प्रती झाल्या आणि त्यांवरून डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड १९३९ साली प्रसिद्ध झाला, तो आपल्या विदर्भातील अमरावतीहून. ताडपत्र काय किंवा कार्ड काय, आधार बदलताना जो हात चालतो तो सावध असावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, सूरजागडजवळच्या एखाद्या गावातील तरुणाने यात्रेतील गाणी जपण्यासाठी ६४ जीबीचे नवे कार्ड आणले. घरात यूएसबीची खाच असलेला एक छोटा स्पीकर आहे. त्यावर आजीला तिचीच गाणी ऐकवावीत अशी इच्छा. नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून कार्ड हाच मार्ग. पण रीडरमध्ये बसवलेले कार्ड लावताच स्पीकर मुका राहतो. दुकानदार म्हणतो, ‘कार्ड खराब आहे.’ कार्ड खराब नसते. ३२ जीबीहून मोठी कार्डे कारखान्यातून येतात ती ‘एक्सफॅट’ नावाच्या रचनेत, आणि स्वस्त स्पीकरांपैकी अनेकांना केवळ जुनी ‘फॅट ३२’ ही रचनाच वाचता येते. कार्ड ‘फॉरमॅट’ करून त्या रचनेत आणणे, एवढाच उपाय. येथे आणखी एक गाठ आहे. विंडोजमध्ये उजवे बटण दाबून उघडणारी खिडकी ३२ जीबीच्या पुढे फॅट ३२ चा पर्यायच वर्षानुवर्षे दाखवत नसे. ती मर्यादा फॅट ३२ ची नव्हे, त्या खिडकीची. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर मात्र एका ओळीत हे काम होते.

रचना म्हणजे काय, हे जुन्या बँकेत काम केलेल्या माणसाला लगेच उमगेल. पूर्वीच्या खतावणीत एका खात्याचे पान भरले की तळाशी ‘पुढील पान अमुक’ असे लिहीत आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून शिल्लक ओढीत. खात्याची पाने सलग असतीलच असे नाही. १२ नंतर ४७, ४७ नंतर ९३. पुढे कोठे पाहायचे एवढे कळले की काम भागे. फॅट हीच युक्ती आहे. कार्डाचे समान तुकडे पाडलेले असतात आणि सुरुवातीला एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक तुकड्यासमोर ‘पुढचा तुकडा कोणता’ एवढेच लिहिलेले. फायलीचे नाव आणि तिचा पहिला तुकडा वेगळ्या यादीत. त्या तक्त्याची दुसरी प्रतही शेजारीच ठेवलेली असते. कोणाही हिशेबनिसाला पटेल अशी ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास मार्क मॅकडोनाल्ड यांनी लिहिली. तेव्हा ती फ्लॉपीसाठी होती. आपल्याकडे १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली, त्या काळात ज्यांनी नोकरी केली त्यांना फ्लॉपीच्या नव्या खोक्यातील एकेक चकती आधी फॉरमॅट करीत बसल्याची आठवण असेल. तीच रचना, वाढवलेल्या अंगाने, आज सूरजागडच्या कार्डावर बसते.

कार्ड लिनक्सच्या संगणकाला लावल्यावर पहिली आज्ञा ‘एलएसबीएलके’. ही काही पुसत नाही, फक्त जोडलेल्या साठवण-साधनांची यादी दाखवते. सर्वांत जास्त वेळ येथेच घालवावा. यादीत ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे दिसतात. पुष्कळांच्या वहीत टिपून ठेवलेले असते की एसडीए म्हणजे संगणकाची स्वतःची डिस्क आणि एसडीबी म्हणजे बाहेरून लावलेले. जुन्या यंत्रात बहुधा तसेच असे. नव्या यंत्रात आतली डिस्क ‘एनव्हीएमई’ या नावाने येते आणि बाहेरून लावलेल्या पहिल्याच साधनाला एसडीए हे नाव मिळते. कार्ड संगणकाच्या अंगच्या खाचेत घातले तर ते ‘एमएमसीबीएलके’ म्हणून दिसते. शिवाय दोन पेनड्राइव्ह असतील तर काल जे बी होते ते आज सी होऊ शकते. म्हणून कालच्या चिठ्ठीवरून आजची आज्ञा कधीही उतरवू नये. कार्ड काढून एकदा यादी पाहावी, लावून पुन्हा पाहावी. जे नाव नव्याने आले तेच आपले.

खात्रीची दुसरी खूण आकारमान. येथे ६४ च्या जागी साधारण ५९.६ दिसते आणि नवशिका घाबरतो. कोणी चार जीबी चोरलेले नसतात. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या. सोनाराचा तोळा आणि ग्रॅम यांतला घोळ ज्यांनी निस्तरला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

नाव निश्चित झाले की कार्ड ‘यूमाउंट’ या आज्ञेने संगणकापासून मोकळे करायचे. मोकळे करणे म्हणजे उपसून काढणे नव्हे. कार्ड जागेवरच असते, फक्त संगणकाचा हात त्यावरून निघतो. मग मुख्य आज्ञा: ‘एमकेएफएस डॉट व्हीफॅट’, पुढे रचना ३२ ची हवी हे सांगणारी खूण, कार्डाला द्यायचे नाव आणि शेवटी साधनाचा पत्ता, म्हणजे ‘स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी’ आणि लगेच जोडून भागाचा क्रमांक १. (यातला ‘डेव्ह’ म्हणजे डिव्हाइस, ठाकूरदेवाचा यात हात नाही.) आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावून परवलीचा शब्द द्यावा लागतो. एंटर दाबताच एखादी ओळ उमटते, क्षणात काम संपते.

याच क्षणाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. जुन्या डॉसमध्ये हार्ड डिस्क फॉरमॅट करताना यंत्र विचारत असे, ‘सर्व माहिती जाईल; पुढे जायचे?’ ही आज्ञा तसे काही विचारत नाही. कार्ड मोकळे केलेले नसेल तर ती अडून बसते, एवढीच तिची दया. पत्त्यातले एक अक्षर चुकले आणि तेथे दुसरे मोकळे साधन असले, तर त्याच्या माथ्यावर नवा कोरा तक्ता लिहिला जातो. बँकेत चुकीच्या खात्यावर नोंद पडली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून ती दुरुस्त होते, कारण मूळ व्हाउचर शाबूत असते. येथे उलट नोंद नाही. समजा, त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर गावातील ज्येष्ठांची निवेदने असतील आणि ते सांगणारे मध्यंतरी निवर्तले असतील, तर?

तरीही सर्व आशा संपत नाही, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. या फॉरमॅटने पुसला जातो तो केवळ तक्ता आणि नावांची यादी. खतावणीची पहिली पाने फाडून कोरी लावली, आतली पाने तशीच राहिली, असे. गाण्यांचे तुकडे कार्डावर तसेच पडून असतात. कोठले कोणाचे हे सांगणारे कोणी नसते एवढेच. म्हणून चूक ध्यानात येताच त्या साधनावर एक अक्षरही न लिहिता ते बाजूला काढावे. ‘फोटोरेक’ नावाचे विनामूल्य साधन तुकड्यांच्या अंगच्या खुणांवरून छायाचित्रे, ध्वनिफिती शोधून काढते. फायलींची नावे परत येत नाहीत, मजकूर पुष्कळदा येतो. याचीच दुसरी बाजू अशी की जुने कार्ड विकताना नुसते फॉरमॅट करून दिले, तर घरातील छायाचित्रे आणि पासबुकाच्या प्रतीही घेणाऱ्याच्या हाती जाऊ शकतात. तेथे शून्ये भरून सगळे पुसणारे पूर्ण फॉरमॅट निदान करावे.

फॅटचे दोष लपवण्यात अर्थ नाही. एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही. गाण्यांना ही मर्यादा क्वचितच आड येते. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाज साडेसहा तासांहून अधिक मावतो. यात्रेचे चित्रण मात्र अर्ध्या तासाच्या आसपास तोडावे लागू शकते. फाइल कोणी उघडावी, कोणी नाही, असा अधिकारभेद या रचनेत नाही. आणि ती किरकोळ रोजमेळही ठेवत नाही. लिहिण्याच्या मध्यावर कार्ड उपसले किंवा वीज गेली तर तक्ता आणि तुकडे यांचा मेळ बसत नाही. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे हा दोष मोठाच. त्यामुळे मूळ प्रत कार्डावर ठेवूच नये. ती संगणकाच्या सशक्त रचनेत असावी आणि कार्ड ही फक्त फिरती प्रत असावी. गाणी उतरवून झाली की ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी, तिचे काम पुरे होऊ द्यावे, पुन्हा यूमाउंट करावे आणि मगच कार्डाला हात लावावा.

राहता राहिले कार्डाचे नाव. फॅटमध्ये त्याला ११ अक्षरांचीच जागा असते आणि तेथे रोमन लिपीतील मोठी अक्षरेच सुखाने नांदतात. सूरजागड हे नाव रोमनमध्ये SURJAGAD असे लिहिले तर ८ अक्षरे होतात. उरलेल्या तीन जागांत क्रमांक बसतो: पहिल्या कार्डाला ००१, ते आजीच्या स्पीकरला, ००२ शेजारच्या गावातील दुसऱ्या कोणाच्या घरी.